राख आणि शब्द : मृताची इच्छा आणि वाचकाचे दायित्व

१

मृत्युपत्राला वाङ्मयप्रकार मानण्याची प्रथा मराठी समीक्षेत नाही. पत्र, रोजनिशी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन यांना ललित गद्याच्या परिघावर का होईना, स्थान मिळाले. मृत्युपत्र मात्र वकिलाच्या कपाटातच राहिले. याला कारणही आहे. मृत्युपत्राची भाषा व्यवहाराची असते. घर, शेत, दागिने आणि ठेवी यांची वाटणी करताना शब्दाला एकच अर्थ असावा, अशी तेथे अपेक्षा असते. अनेकार्थता हा कवितेचा गुण मानला, तर मृत्युपत्रात तो दोष ठरतो आणि त्याचा निवाडा न्यायालयात होतो.

तथापि काही मृत्युपत्रांत एक परिच्छेद असा येतो, की तेथे ही भाषा अडखळते. लिहिणारा स्वतःच्या देहाविषयी बोलू लागतो. देह जळल्यानंतर जी मूठभर राख आणि ज्या थोड्या अस्थी उरतील, त्यांचे काय करावे, हे तो सांगू पाहतो. घर कोणाला द्यावे हे सांगणाऱ्या वाक्याहून हे वाक्य मूलतः वेगळे असते. घर लिहिणाऱ्याचे असते. राख त्याची असते, असे म्हणणे कठीण आहे, कारण राख अस्तित्वात येते तेव्हा तो नसतो. म्हणजे जी वस्तू आपण असेपर्यंत असूच शकत नाही, तिच्याविषयीची ही आज्ञा आहे. ती देणारा ती पाळली गेली की नाही हे पाहणार नाही, आणि पाळणाऱ्याला शंका आली तर विचारायला कोणी उरलेला नसतो.

अस्थींचा निर्णय हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा समजला जातो. तो अर्थनिर्णयनाचाही प्रश्न आहे, असे येथे प्रतिपादायचे आहे. मृताचा शब्द, अथवा शब्द नसेल तर त्याचे मौन, कोणीतरी वाचावे लागते. आणि त्या वाचनाचे फलित म्हणजे राख नदीत, जमिनीत, घराच्या परसात अथवा स्तूपात जाणे होय. गेल्या काही दशकांत वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. ते स्वातंत्र्य किती टोकापर्यंत खरे आहे, याची परीक्षा या संहितांच्या सान्निध्यात घेता येते.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. चितेवर जे उरते त्याला मराठीत तीन नावे आहेत: राख, रक्षा आणि अस्थी. 'राख' चुलीतलीही असते, तिने भांडी घासली जातात. 'रक्षा' मात्र मृताचीच, म्हणून 'रक्षाविसर्जन' असा शब्द रूढ झाला. दोन्ही शब्दांचा धागा संस्कृत 'रक्षा'पर्यंत जातो, आणि मराठीतील 'राखणे' हे क्रियापदही त्याच कुळातले आहे. जे सर्व जळून गेल्यावर उरते त्याचे नाव, आणि जपून ठेवण्याच्या क्रियेचे नाव, ही भाषेत अशी शेजारी बसली आहेत. हिंदीत चितेवरील अस्थींना 'फूल' म्हणतात आणि ती 'चुनली' जातात. मराठी माणूस अस्थी 'सावडतो'. हिंदीने तेथे एक कोमल रूपक योजले. मराठीने कामाचे क्रियापद वापरले. सावडणे म्हणजे विखुरलेले एकत्र करणे. त्यात हात राखेत जातो, पाणी शिंपडावे लागते, कोमट राखेतून हाडाचे तुकडे वेगळे काढून मडक्यात भरावे लागतात.

ही नोंद भाषिक कुतूहलापुरती नाही. मराठीच्या शब्दसंहतीत या प्रसंगाचे दोन विरोधी हेतू आधीपासूनच नांदत आहेत. एक राखण्याचा, दुसरा विसर्जनाचा. रूढी या दोहोंमध्ये कालानुक्रम लावून देते: तिसऱ्या दिवशी सावडावे, नंतर नाशिकच्या रामकुंडात, पंढरपुरी, आळंदीस अथवा गावच्या नदीत सोडावे. रामकुंडात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा आहे. रूढी म्हणजे या अर्थाने एक तयार वाचन. ज्याला स्वतः वाचण्याचे बळ त्या दिवशी नसते, त्याला ती आधार देते. तिची निंदा करण्यापूर्वी तिचे हे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. परंतु मृताने काही वेगळे सांगून ठेवले असेल, किंवा रूढीने ज्याला जिवंतपणी दाराबाहेर ठेवले त्याच्याच अस्थी हाती आल्या असतील, तर तयार वाचन पुरत नाही. साहित्याभ्यासकाने जेथे थांबावे, ती जागा हीच.

३

भाषेच्या कृतिरूप उपयोगाचा विचार मांडताना जे. एल. ऑस्टिन यांनी दिलेल्या पहिल्या काही उदाहरणांत मृत्युपत्रातील वाक्य आहे: आपले घड्याळ भावाला देत असल्याचे. असे वाक्य काही वर्णन करत नाही. ते उच्चारणे हीच कृती असते. मात्र ती यशस्वी होण्यास काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. घड्याळ आपलेच हवे, ही त्यांतील उघड अट.

राखेबाबत ही अट पुरी होत नाही. १८८२ साली इंग्लंडमध्ये 'विल्यम्स विरुद्ध विल्यम्स' या खटल्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. एका गृहस्थाने आपला देह जाळावा अशी इच्छा लिहून एका स्नेही स्त्रीवर ते काम सोपवले होते. कुटुंबाने त्याला पुरले. त्या स्त्रीने पुढे देह उकरून इटलीत नेऊन जाळला आणि खर्चाची मागणी केली. न्यायालयाने ती फेटाळली. प्रेत ही कोणाची मालमत्ता नसते, म्हणून मृत्युपत्राने त्याची विल्हेवाट लावता येत नाही, असे सूत्र त्या निर्णयातून पुढे रूढ झाले. साहित्याच्या परिभाषेत याचा अर्थ असा की, आपल्या देहाविषयीचे मृत्युपत्रातील वाक्य हे आज्ञेच्या रूपात लिहिलेली विनवणी असते. त्याचे व्याकरण आज्ञार्थी, सामर्थ्य मात्र विध्यर्थी.

रोलां बार्थ यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून 'लेखकाचा मृत्यू' ही संज्ञा समीक्षेत स्थिरावली. लेखकाच्या हेतूचे जोखड फेकल्याखेरीज वाचक जन्मास येत नाही, हा तिचा मथितार्थ. कादंबरी वा कविता वाचताना ही भूमिका उपकारक ठरली, यात शंका नाही. परंतु येथे लेखकाचा मृत्यू रूपक नाही. लेखक खरोखर मेला आहे, त्याची राख मडक्यात आहे, आणि वाचक त्याचा मुलगा, पत्नी अथवा अनुयायी आहे. या वाचकाला स्वातंत्र्य आहे, किंबहुना अतोनात आहे, कारण त्याला अडवणारा कोणीही नाही. तरीही त्याला ते स्वातंत्र्य म्हणून जाणवत नाही; ओझे म्हणून जाणवते. स्वतंत्र वाचक आणि वारस यांच्यातील हा भेद संहितावादी समीक्षेने पुरेसा विचारात घेतलेला नाही. वारसही वाचतो, पण तो बांधील असतो.

४

आधुनिक भारतात या प्रकारची सर्वांत परिचित संहिता म्हणजे पंडित नेहरूंचे २१ जून १९५४ रोजीचे मृत्युपत्र. त्यातील अस्थींविषयीचा भाग त्यांच्या निधनानंतर घरोघरी पोचला. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. आरंभी निषेध येतो: आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, कारण आपला त्यांवर विश्वास नाही आणि केवळ उपचार म्हणून ते करणे म्हणजे स्वतःची व इतरांची फसवणूक होईल. नंतर दहनाची इच्छा. परदेशी मृत्यू आल्यास तेथेच दहन करून रक्षा अलाहाबादला आणावी. मग एक मूठ गंगेत, आणि उरलेली बहुतांश रक्षा विमानातून शेतकरी राबतात त्या शेतांवर विखुरावी, अशी सूचना.

निषेध आणि गंगा यांच्यामध्ये विसंगती आहे, असा आक्षेप घेणे सोपे आहे. आणि लेखकाला तो आधीच सुचला आहे. म्हणून गंगेच्या उल्लेखानंतर खुलासा येतो की यात धार्मिक भाव नाही. मात्र खुलासा करून लेखक थांबत नाही. गंगा आपल्याला बालपणापासून काय वाटत आली, ऋतूंनुसार तिची रूपे कशी बदलतात, ती भारताच्या भूतकाळाची खूण कशी आहे, हे तो सांगत जातो. जो परिच्छेद दोन वाक्यांत संपला असता, तो वाढत जातो. कायद्याच्या भाषेतून बाहेर पडून तो आत्मचरित्राच्या भाषेत शिरतो. येथे विवेकवाद आणि आसक्ती यांचा झगडा कोणत्याही बाजूने मिटवलेला नाही. आपण बंधने तोडली, पण सर्व भूतकाळाशी नाते तोडण्याची इच्छा नाही, अशी कबुली तेथे आहे. त्या गद्याचे वाङ्मयीन मूल्य या न मिटलेल्या झगड्यात आहे. गंगेच्या वर्णनाच्या लालित्यात ते शोधणे वरवरचे ठरेल.

आता वारसांनी ही संहिता कशी वाचली ते पाहू. २७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी यमुनाकाठी जो दहनविधी झाला तो हिंदू पद्धतीने, मंत्रोच्चारांसह. पुढे जून महिन्यात प्रयागच्या संगमात रक्षा सोडली गेली आणि विमानांतून देशभर ती विखुरलीही गेली. म्हणजे मृत्युपत्राचा एक भाग तंतोतंत पाळला गेला, एक भाग मोडला गेला. पाळला गेलेला भाग प्रतिमांनी भरलेला आणि बहुअर्थी होता. मोडला गेलेला भाग निःसंदिग्ध होता. विधी नकोत, या वाक्याचे दोन अर्थ होत नाहीत.

संदिग्ध भाषेमुळे अर्थाचा विपर्यास होतो, असे सामान्यतः मानले जाते. येथे नेमके उलटे घडले. रोखठोक वाक्य मोडता आले, कारण त्यात पाळणाऱ्यासाठी जागाच नव्हती; त्यात फक्त लिहिणाऱ्याची भूमिका होती. गंगेच्या आणि शेतांच्या परिच्छेदात मात्र वाचकाला प्रवेश होता. श्रद्धावंताला तेथे तीर्थ दिसले, समाजवाद्याला शेतकरी दिसला, राज्यसंस्थेला राष्ट्र दिसले. ज्याला जे दिसले त्याने ते पाळले. मृताची इच्छा पाळली जाण्यास तिच्यात वाचकाला स्थान असावे लागते, हे यातून ध्यानात येते. पण याचबरोबर हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की, 'वाचकाने आपला अर्थ लावला' असे म्हणून पहिल्या दिवशीच्या विधींचे समर्थन होत नाही. तेथे अर्थ लावला गेला नाही. तेथे वाक्य वगळले गेले. अर्थनिर्णयन आणि वगळणे यांतील सीमारेषा पुसट करणारी कोणतीही वाचनमीमांसा मृताला न्याय देऊ शकणार नाही.

तुलनेसाठी स्वातंत्र्यवीर सावरकरांची अंतिम इच्छा घेता येईल. पिंडाला कावळा शिवण्यासारख्या रूढींना तीत स्थान नव्हते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर मुंबईच्या चंदनवाडीतील विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाला. या इच्छेत प्रतिमा नाहीत. तिचा भर साधनांवर आणि निषेधांवर आहे. नेहरूंच्या गद्यात जो पेच आहे तो येथे उद्भवतच नाही. आणि म्हणून ते विधान विचार म्हणून ठाम असले तरी त्याला वाङ्मयीन आयुष्य फारसे लाभले नाही.

५

जोतीराव फुल्यांचे उदाहरण याहून अवघड, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केले. आपला देह जाळू नये, राहत्या घरामागे मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तक पुत्राच्या अधिकाराला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते हाती घेतले, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. नंतर रक्षा घरी आणून त्याच खड्ड्यात ठेवली गेली. पुण्याच्या गंज पेठेतील वाड्यात आज समाधी आहे ती तेथे.

ही घटना सामान्यतः बंडखोरीची कथा म्हणून सांगितली जाते. ती आहेच. पण तिची अंतर्रचना पाहिली म्हणजे आणखी काही हाती लागते. मृताने मागितले होते मीठ, म्हणजे टिकवण्याचे द्रव्य. हाती आली राख, म्हणजे जे टिकवता आले नाही त्याचे उरलेले रूप. इच्छेचे अक्षर निष्फळ झाले. या ठिकाणी वारसांपुढे दोन सोपे मार्ग होते. दफन होऊ शकले नाही, तेव्हा इच्छा संपली, असे समजून राख मुळा-मुठेत सोडता आली असती. किंवा राख उरलीच आहे तर रूढीच करू, असेही म्हणता आले असते. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. इच्छेतील द्रव्य बदलले, कृती बदलली, जागा मात्र बदलली नाही. देहासाठी खणलेल्या जागेत राख गेली.

हे वाचन अक्षरनिष्ठ नाही आणि स्वैरही नाही. फुल्यांच्या इच्छेतील मर्म कोणते, याचा निर्णय त्यात आहे. मर्म मिठात नव्हते. मर्म हे होते की मृताला कोणत्याही तीर्थाची, घाटाची अथवा मध्यस्थाची गरज पडू नये, तो स्वतःच्या घरी राहावा. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त प्रश्नोत्तरांच्या रूपात संस्कारांची जी चिकित्सा आहे, तिच्याशी हा निर्णय सुसंगत आहे. ग्रंथ अद्याप छापून यायचा होता, तरी घरातल्यांनी तो वाचला होता, असे म्हणावेसे वाटते. कारण त्यांनी तो सतरा वर्षे सत्यशोधक समाजाच्या कामात जगून पाहिला होता. बांधील वाचक म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही. तो संहितेच्या शब्दाला चिकटत नाही. संहिता जेथे मोडते तेथे ती कोणत्या दिशेने जात होती हे तो जाणतो आणि तेवढ्याच अंतरावर पाऊल टाकतो.

या पार्श्वभूमीवर सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' आठवणे अपरिहार्य आहे. १९७४ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात भाऊराव मरतात आणि कीर्तनकार होऊन स्वतःच्या मरणाचे निरूपण करू लागतात. आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे, हा त्यांचा हट्ट. ते स्मशान बंद होत आहे, ही व्यवस्थेची अडचण. आणि मधे चाळ व मुलगा नाना. फुल्यांच्या बाबतीत जी नगरपालिका शोकांतिकेचे पात्र होती, ती येथे प्रहसनाचे कारण होते. पण नाटकाने एक गोष्ट अशी केली आहे, की जी कोणत्याही मृत्युपत्राला शक्य नाही: मृताला बोलत ठेवले. शंका आली तर विचारायला तो हजर आहे. आणि तो हजर असल्यामुळेच त्याची इच्छा असह्य होते. बोलत राहणारा मृत वारसाला वाचू देत नाही. नाटकाचा विनोद या जाणिवेवर उभा आहे, की माणसाने मेल्यावर तरी गप्प बसावे. त्या विनोदाच्या तळाशी एक गंभीर सत्य आहे: वाचनाला मौन लागते.

६

जेथे मृताने काहीच सांगितलेले नाही, तेथे काय? या प्रश्नाचा भारतीय साहित्यातील सर्वांत जुना आणि विस्तृत विचार पाली 'महापरिनिब्बानसुत्ता'त आहे. आनंद विचारतो, तथागतांच्या देहाचे काय करावे? उत्तर मिळते की भिक्षूंनी त्याची चिंता करू नये, आपल्या साधनेत राहावे. श्रद्धावान गृहस्थ ते करतील. चक्रवर्ती राजाप्रमाणे दहन व्हावे, चौरस्त्यावर स्तूप व्हावा, एवढे सांगितले जाते. अस्थी कोणाकडे जाव्यात हे सांगितले जात नाही. त्या मौनातून कलह उद्भवतो. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य यांच्यासह सात दावेदार आपला वाटा मागतात आणि कुसिनाराचे मल्ल तो नाकारतात. युद्ध होईल अशी वेळ येते, तेव्हा द्रोण नावाचा ब्राह्मण, क्षमेचा उपदेश करणाऱ्याच्या अस्थींवरून भांडण शोभत नाही, असे सांगून मापाने आठ समान भाग करतो. स्वतःसाठी तो ते रिकामे माप मागून घेतो. पिप्पलीवनाचे मोरिय उशिरा पोचतात. त्यांना चितेतले निखारे मिळतात. आठ अस्थींचे, एक मापाचा, एक निखाऱ्यांचा, असे दहा स्तूप होतात.

सुत्तात एक सूक्ष्म तपशील आहे. दहनानंतर त्वचा-मांसाची राख वा काजळी दिसली नाही, केवळ अस्थी उरल्या, असे तेथे म्हटले आहे. कथनकाराला शुद्ध अवशेष हवा आहे. मिसळलेली, निनावी राख नको आहे. पण तोच कथनकार द्रोणाचे रिकामे माप आणि मोरियांचे निखारेही स्तूपात ठेवतो. ज्यात मृताचा अंशही नाही, केवळ त्याच्या अस्थींचा स्पर्श अथवा त्याच्या अग्नीची ऊब आहे, तेही पुरेसे ठरते. अवशेषाचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून वाटून घेण्याच्या कृतीत आहे, असा विचार सुत्ताने युक्तिवाद न करता, केवळ यादीतून मांडला आहे.

मराठी परंपरेने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. मंगळवेढ्यास वेशीच्या भिंतीचे काम करताना ती कोसळून चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. परंपरेनुसार हे साल १३३८. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा नाद ऐकू आला त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. या कथेत मृत्युपत्र नाही, मापही नाही, कान आहे. नामदेव मित्राच्या अस्थी वाचतात ते ऐकून.

वारकरी परंपरेतील ही अत्यंत हृद्य कथा आहे, आणि म्हणूनच तिला दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. पहिला प्रश्न जागेचा. अस्थी महाद्वारासमोर आल्या. आत गेल्या नाहीत. जिवंतपणी जेथपर्यंत येता येत होते, मेल्यावरही तेथपर्यंतच. मित्राने जे करता येणे शक्य होते ते केले; पण दार त्याच्या हाती नव्हते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. परंपरेचे साल धरले तर सहाशे नऊ वर्षे ही समाधी बंद दारासमोर होती. तिला केवळ भक्तीचे चिन्ह म्हणणे म्हणजे त्या दाराकडे पाठ करून उभे राहणे होय.

दुसरा प्रश्न इतर अस्थींचा. भिंतीखाली आणखी मजूर होते. ज्यांच्या हाडांतून नाद आला नाही, ती कोणाची होती, आणि त्यांचे पुढे काय झाले, याविषयी कथा काही बोलत नाही. नामदेव निवडतात, आणि प्रत्येक निवडीत न निवडलेल्यांचा ढीग मागे राहतो. संतकथा वाचताना या ढिगाकडे पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला दलित साहित्याच्या उदयानंतरच लागली. ती सवय केवळ सामाजिक नाही, वाङ्मयीन आहे. कथेने कोणाला नाव दिले आणि कोणाला 'इतर' म्हटले, हा कथनमीमांसेचाच प्रश्न आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालचा आपला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, आणि आठ आठवडे पुरे होण्याच्या आत, ७ डिसेंबर रोजी, दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे उभा राहिलेला चैत्यभूमीचा स्तूप १९७१ साली खुला झाला. चोखोबांच्या अस्थी दुसऱ्याच्या दारासमोर होत्या. येथे दार कोणाचे, हा प्रश्नच निकालात निघाला. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे तेथे येतात, आणि जवळच शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. स्तूपाचे दर्शन घेऊन माणसे पुस्तक विकत घेऊन घरी जातात. अस्थींभोवती जमलेला हा ग्रंथबाजार समाजशास्त्राच्या टिपणांत राहून जातो. साहित्याच्या अभ्यासकाला तो दिसायला हवा. द्रोणाच्या मापासारखेच येथेही काही वाटून घेतले जाते, आणि ते वाटल्याने कमी होत नाही.

७

निर्णय न होणे हाही निर्णयाचा एक प्रकार असतो. १९४८ साली गांधीजींच्या रक्षेचे अंश देशभर पाठवले गेले. त्यांतील एक कलश कटकच्या एका बँकेच्या तिजोरीत कित्येक दशके राहिला आणि न्यायालयीन लढ्यानंतर ३० जानेवारी १९९७ रोजी प्रयागला विसर्जित झाला. दुसरा एक अंश २००८ साली त्याच तारखेस मुंबईच्या गिरगाव चौपाटीजवळ समुद्रात सोडला गेला. श्यामजी कृष्ण वर्मांच्या अस्थी १९३० पासून जिनिव्हात होत्या. त्या २००३ साली भारतात आल्या. या प्रकरणांत राखेला मालमत्तेचे, ठेवीचे आणि पुढे राजकीय भांडवलाचे रूप येत गेले. राखण्याचा हेतू विसर्जनाच्या हेतूवर मात करतो तेव्हा असे होते. शब्दात जे शेजारी होते, ते व्यवहारात परस्परांना गिळू पाहते.

याच्या उलट, कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गेल्या काही वर्षांत एक साधा बदल घडतो आहे. नदीत रक्षा न सोडता ती स्वतःच्या शेतात खड्ड्यात घालून वर आंब्याचे वा नारळाचे रोप लावावे, असे अनेक कुटुंबे ठरवतात. नदीचे प्रदूषण टाळावे, हे त्यामागचे सांगितलेले कारण. ते खरे आहे आणि पुरेसेही आहे. पण या कृतीत फुल्यांचे परस आणि नेहरूंची शेते एकत्र आली आहेत, हे अभ्यासकाने नोंदवायला हरकत नाही. त्या शेतकऱ्याने ही मृत्युपत्रे वाचलेली असतीलच असे नाही. संहिता ग्रंथांतून जितकी पसरते तितकीच कृतींतूनही पसरते.

या कृतीत राखणे आणि सोडणे यांचा कालानुक्रम लावावा लागत नाही. राख मातीला मिळते, म्हणजे सुटते. रोपाला पाणी घालावे लागते, म्हणजे राखावेही लागते. मृताने काही सांगितलेले नसते. वारस त्याच्या आयुष्याकडे पाहतो, त्याने कशावर हात फिरवला ते आठवतो, आणि तेथे खड्डा घेतो. तो चुकत असेलही. दुरुस्त करायला मृत येणार नाही. बांधील वाचकाला ही खात्री कधीच मिळत नाही, आणि तरीही त्याला तिसऱ्या दिवशी राखेत हात घालावाच लागतो. वाचनाविषयीचे जे सिद्धांत या हाताला जागा देत नाहीत, ते वाचकाविषयी कितीही बोलले तरी वारसाविषयी गप्पच राहतील.